आत्यानं जिंकलेली पैठणी

माझ्या इंग्रजीच्या क्लासात पोरं हमखास विचारतात, "मॅडम, 'विन' आणि 'अर्न' यात फरक काय? पदरात तर दोन्हीकडून पडतंच ना?" मी खडू ठेवते आणि माझ्या आत्याचं सांगते.

मुक्ताबाई माझी आत्या. मुकुंदवाडीत घरातच माग टाकून चाळीस वर्षं पैठणी विणतेय. एका पैठणीला दोन महिने लागतात. बायका नाव सांगून मागतात, मुक्ताबाईच्या हातची द्या म्हणून.

गेल्या निवडणुकीआधी अप्पाराव नावाचा उमेदवार घरी आला. त्याला बायकांचे खेळ ठेवायचे होते, बक्षीस पैठणी. "मावशी, आठ दिवसांत अकरा द्या."

"भाऊ, वर्षाला सहा होतात," आत्या म्हणाली. तो हसत निघून गेला. आणि त्या मेल्यानं केलं काय? मशीनवरच्या स्वस्त साड्या आणल्या अन् भोंग्यावर सांगितलं, "मुक्ताबाईंच्या हातची अस्सल पैठणी!"

दुसऱ्याच दिवशी एक बाई ती साडी घेऊन दारात उभी. "तुम्ही हेच विणता का हो?"

आत्याचं तोंड एवढंसं झालं. मग रागानं लालबुंद. मला म्हणाली, "मंजे, त्याचा पुढचा खेळ कधी हाय?"

खेळ लिंबू-चमच्याचा होता. आत्या डोक्यावरून पदर ओढून रांगेत उभी राहिली. चाळीस वर्षं बारीक धागे उचललेला हात तो, लिंबू जागचं हललं नाही. अप्पारावनं ओळखलं तोवर उशीर झाला होता. बळंच हसत त्यानं बक्षिसाच्या साडीची घडी तिच्या हातात दिली.

आत्यानं तिथंच घडी मोडून पदर उलटा केला. "बायांनो, हातच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. याच्या मागं बघा कशा झिपऱ्या लोंबतात!"

"मावशी, घरी बोलू ना," अप्पाराव कुजबुजला.

"नाय. माझं नाव भोंग्यावर घेतलंस, भोंग्यावरच परत दे." तिनं माइक त्याच्या तोंडापुढं धरला.

"ही मुक्ताबाईंची नाही..."

"मोठ्यानं!" तीनदा म्हणायला लावलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साडी मात्र तिनं परत केली नाही. मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात टाकलीय. गिऱ्हाईक आलं की सांगते, "पाय पुसा तिच्यावर, खुशाल पुसा. ती जिंकलेली हाय. कमावलेली आत हाय."