टायमर काढल्यानंतरची बावीस मिनिटं

इथले अनुभव मी नेमाने वाचते... पण खरं सांगायचं तर जेवताना, करमणूक म्हणून. आमच्या घरात ना कधी कुणाला काही दिसलं, ना कुणाला शोधायची हौस होती. मी औषधाच्या कंपनीत क्वालिटी बघते. मोजता न आलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. हे मात्र मोजलेलं आहे, म्हणूनच लिहिते.

जागा : सिंगापूर, बेडोक. आमच्या ब्लॉकशेजारचं बहुमजली कारपार्क, चौथा मजला. तिथे माझ्या नवऱ्याची, मिलिंदची गाडी असायची – ऑस्ट्रेलियन सेडान, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याला टर्बो. एरवी मितभाषी माणूस, पण या गाडीचा विषय निघाला की थांबायचा नाही.

"अगं, मुळात इंजिन इतकं दणकट आहे ना! मोठे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणि नवीन ट्यून. पॉवर सहज दीडपट. इंजिन खाली उतरवायचीसुद्धा गरज नाही."

"आणि पळवणार कुठे? नव्वदच्या वर बोर्ड नाही या देशात."

"पळवायला कोण म्हणतंय? अंगात आहे हे माहीत असलं की झालं."

इथे परवानगीशिवाय गाडीत फारसं काही बदलता येत नाही. त्यामुळे त्याचे सगळे बदल वहीतच राहिले. रिटायर झालो की पर्थला जायचं, याच इंजिनाची यूट घ्यायची – मागे उघडा हौदा असलेली – आणि सगळं तिच्यावर करायचं, असा बेत होता. प्रत्यक्षात त्याने एकच वस्तू बसवली – टर्बो टायमर. गाडी पळून आली की टर्बो भयंकर तापलेला असतो. इंजिन लगेच बंद केलं तर आतलं तेल करपतं. म्हणून किल्ली काढली तरी हा टायमर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतो, मग आपोआप बंद करतो. चालू गाडी सोडून जाऊ नये म्हणून मिलिंद तेवढा वेळ आत बसायचा. दोनाची दहा मिनिटं व्हायची. वर घरी अन्न गार.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी सात-चाळीसला त्याचा मेसेज आला – "पार्क केली." पंधरा मिनिटांनी आमची मुलगी सई चपला घालत म्हणाली, "बाबा so long ah? मी बघून येते."

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "काही नको. बसू दे त्याला त्याच्या लाडकीजवळ. तू ताटं घे."

सव्वाआठला मी चिडून खाली गेले. इंजिन बंद, किल्ली शर्टाच्या खिशात, डोकं मागे टेकलेलं. हार्ट अटॅक. डॉक्टरांना विचारलं, नेमकं कधी? ते म्हणाले, मिनिटाच्या हिशेबात सांगता येणार नाही.

मला तर मिनिटच हवं होतं. सईने चपला घातल्या तेव्हा तो होता की नव्हता? तिलाही तेच हवं असणार. त्यावर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

या वर्षी गाडीची सीओई संपत आली. म्हणजे दहा वर्षांचा परवाना. नवीन घेण्यात अर्थ नव्हता, गाडी मोडीत जाणार होती. सई म्हणाली, टायमर मला हवा. शनिवारी दुपारी गाडी काकी बुकिट नावाच्या भागात मिलिंदच्या नेहमीच्या मेकॅनिककडे, लिमकडे नेली. त्याने टायमर काढला, मूळ जोडणी परत केली आणि समोर किल्ली काढून दाखवली. इंजिन जागीच बंद.

"See, auntie? Off means off."

तिथून बेडोक, चौथा मजला, नेहमीची जागा. मी किल्ली काढली. इंजिन चालूच.

"आई, you never take out the key, is it?"

मी किल्ली तिच्यासमोर धरली. टायमर तिच्या मांडीवर होता, तुटक्या वायरींसकट. मी परत किल्ली घातली, फिरवली, काढली. फरक नाही. आवाज एकसारखा, शांत – तो बसायचा तेव्हा असायचा तसाच.

उतरावं असं दोघींनाही वाटलं नाही. सईने फोनवर स्टॉपवॉच लावलं. काय मोजतोय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी मनात म्हणत होते, आता थांब... तिने चपला घातल्या त्या पंधराच्या आत थांब. सई पुटपुटली, "Stop lah, please."

पंधरा झाली. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. सोळा... वीस. बाविसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं.

सई म्हणाली, "मी जायला हवं होतं."

"तू निघाली होतीस," मी म्हटलं. "मी अडवलं."

हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. ती टायमर छातीशी धरून रडली. मी तिचा हात धरून बसले.

सोमवारी लिमने तासभर तपासलं. त्याच्या हातात किल्ली काढली की इंजिन दर वेळी जागीच बंद. "Cannot be, auntie," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी यार्डात गेली.

आजही माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. वाचणाऱ्यांत कुणी गाड्यांमधलं जाणकार असेल आणि किल्ली काढल्यावरही इंजिन का चालू राहावं याचं साधं तांत्रिक कारण माहीत असेल, तर कृपया लिहा. मला ते कारण हवं आहे. ते नसेल, तर बावीस मिनिटं खरी ठरतात.