मरियमच्या कळा

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणासाठी कोल्हापुरातल्या मिशनच्या दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर कबनूरच्या एका मुसलमान विणकराची बायको होती. दुपारी तिला कळा सुरू झाल्या. नर्सबाई ख्रिस्ती, वयस्क, अविवाहित. तिला धीर द्यायला त्या म्हणाल्या, "अगं, येशूची आई गोठ्यात बाळंत झाली. तुला तर खाट मिळालीया की!"

"गोठ्यात न्हाय, बाई," ती धापा टाकत म्हणाली. "खजुराच्या झाडाखाली. मरियम एकलीच हुती."

"एकटी कशी? योसेफ हुता की संगं."

"आमच्या कुराणात न्हाय. कळा आल्यावर ती म्हणाली, ह्याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं."

नर्सबाईंचा हात तिच्या पाठीवर थांबला. "असं म्हणाली? आमच्या शास्त्रात तिच्या कळांचं काही लिहिलेलंच न्हाय." मग हळूच म्हणाल्या, "म्हणाली असंल. सगळ्याच म्हणतात. पण पोर देवाचं हुतं."

"देवाला पोर नसतं, बाई. पोर तिचं. मोठा पैगंबर झाला."

"बरं बरं. आता जोर कर."

संध्याकाळी तिला मुलगी झाली.

दोन दिवसांनी माझी वेळ आली. ओरडायचं नाही, असं सासूबाईंनी बजावून पाठवलं होतं. मी मात्र पोटभर ओरडले, मरण मागितलं, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.