भाऊ विहिरीमुळे गेले नाहीत

"आमच्या बिल्डिंगमधले एक काका विहिरीचा एपिसोड बघता बघता भीतीने बसल्या जागी गेले. मी स्वतः तिथे होतो. हिंमत असेल तरच बघा."

हा मजकूर एका भयकथा मालिकेच्या चाहत्यांच्या पानावर प्रसिद्ध झाला आणि त्याच्या नकला आजही फिरत आहेत. गेल्याच आठवड्यात माझ्या भाच्याने नाशिकहून तो मलाच पाठवला, खाली "खरं का मामा?" असे विचारून. मालिकेचे नाव मी लिहिणार नाही. तिची जाहिरात पुरेशी झाली आहे, आणि तीही एका गेलेल्या माणसाच्या जिवावर. मजकूर लिहिणारा निनाद आमच्याच मरोळच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, नोकरी करतो, आणि तो खोटारडा नाही हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु खोटारड्याची थाप कोणी मनावर घेत नाही. प्रामाणिक माणसाची चूक मात्र घरोघर पोहोचते. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

ज्यांनी भाऊंना पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊ म्हणजे आमच्या शेजारच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे निवृत्त पाळीप्रमुख, मूळचे कुडाळकडचे, देहाने आडवे आणि आवाजाने उभे. भयकथांवर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि त्या मोजण्याचे त्यांचे माप जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल. त्यांच्या गावी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, भुताच्या गोष्टी रंगल्या की ऐकणारा प्रत्येक जण हळूच पाय वर ओढून घेई. खाली लोंबते पाय ठेवणे म्हणजे नको त्याला आमंत्रण. ती सवय भाऊंनी मुंबईत पन्नाशी-साठी ओलांडून जपली. मालिका सुरू होण्यापूर्वी ते चपला काढून खुर्चीसमोर जोडीने ठेवत आणि मग निकाल स्वतःच्या पायांवर सोपवून देत. गोष्ट खरोखर भिववणारी असेल तर पाय आपोआप खुर्चीवर चढत. नसेल तर तळवे शेवटपर्यंत फरशीवर. "भिती पयली पायांक कळता, तोंड मागसून बोंबालता," असे ते म्हणत.

मालिकेत दर शनिवारी नवी गोष्ट, नवी माणसे. रविवारी सकाळी पंपाच्या खोलीसमोरच्या बाकावर भाऊ दुधाची पिशवी घेऊन टेकले की निनाद आणि त्याचे दोस्त त्यांना घेरत.

"काका, कालचा?"

"पाय खाली."

"काय राव काका, सगळीकडे लोक वेडे झालेत त्या एपिसोडसाठी."

"झाले असतील. मागसून ढोल बडवल्यार म्हैस पण उडी मारतली. ती काय भियाली म्हणून?"

मुले हसत, पण तो निकाल चाहत्यांच्या पानावर जाई आणि तेथे त्यावर तुंबळ युद्ध माजे. कोणी भाऊंना जुन्या काळाचे म्हणे, कोणी गुरू म्हणे. एका भागात पांढऱ्या साडीतील बाई जिन्यावरून धावत खाली येते. त्यावर सारे चाहते फिदा झाले होते. भाऊंनी तो भाग एका वाक्यात निकालात काढला. "भुताक कसली रे घाई? त्याका काय मस्टर गाठूचा आसा?" हे वाक्य त्या पानावर पुढे कित्येक महिने म्हणीसारखे वापरले गेले.

याउलट, ज्या भागाला चाहत्यांनी सर्वांत कमी गुण दिले, तो भाऊंच्या लेखी सर्वश्रेष्ठ होता. त्यात एक बाई रोज रात्री जेवणाची ताटे मांडते आणि रोज एक ताट जास्त निघते. बाकी काही घडत नाही. निनादने लिहिले, "स्लो आहे, काहीच होत नाही." भाऊंनी त्याला बाकावर बसवून विचारले, "ताट जास्त निघाला, ता काय कमी झाला?" तो भाग लागला त्या रात्री भाऊंनी मला फोन केला होता: "अप्पा, वायच वर ये रे." कारण सांगितले पंख्याचे. पंखा उत्तम चालू होता. मी अर्धा तास बसलो, भाऊ इकडचेतिकडचे बोलत राहिले, आणि त्यांचे पाय अजूनही खुर्चीवर होते.

तेव्हा भाऊ भीत असत, हे मी नाकारत नाही. भिण्याची त्यांना लाज नव्हती. ज्याला भीती वाटत नाही त्याने भयकथेच्या वाटेला जाऊ नये, असे त्यांचे मत होते. परंतु भिणे निराळे आणि भीतीने मरणे निराळे. भिणे हे भाऊंच्या आवडीचे काम होते आणि ते त्यांनी आयुष्यभर ठणठणीत प्रकृतीने केले.

आता त्या शनिवारकडे येतो. दिवेलागणीनंतर वहिनींची, म्हणजे भाऊंच्या पत्नीची, हाक जिन्यात ऐकू आली. मी दुसऱ्या मजल्यावरून वर धावलो, निनाद तिसऱ्यावरून. पाठोपाठ पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या. भाऊ खुर्चीत होते, मान एका खांद्यावर, तळवे फरशीवर. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाली घेऊन छाती दाबून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि शेवटी हात काढून घेतले. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की टीव्ही चालूच आहे. पडद्यावर काळोखी विहीर होती आणि तिच्या काठावरून ओले हात वर येत होते. निनादने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. त्याने जे पाहिले ते एवढेच, आणि त्यावर त्याने आपला मजकूर रचला.

दहावे-बारावे होण्यापूर्वीच तो मजकूर गावभर झाला. मी निनादला बाकावर गाठले आणि तो काढून टाकण्यास सांगितले.

"अप्पा, मी काय खोटं लिहिलं? टीव्ही मी बंद केला ना. विहीरच चालू होती."

"भाऊंचे पाय खाली होते. तुला त्यांचे माप ठाऊक आहे."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "अप्पा, माणूस गेल्यावर पाय वर कुठे राहतात?"

आजूबाजूला चारजण उभे होते. "आणि मी त्यांचा अपमान कुठे केलाय," निनाद पुढे म्हणाला, "लोक सलाम ठोकतायत त्यांना. लिजंड म्हणतायत." त्याने फोन माझ्यासमोर धरला. एकाने लिहिले होते की आता हा भाग पाहिलाच पाहिजे. दुसऱ्याने या भागावर बंदी घाला म्हटले होते. तिसरा विचारत होता, काका नक्की कोणत्या सीनला गेले? जणू भाऊ म्हणजे त्या भागाला मिळालेले प्रशस्तिपत्र. मी फोन परत दिला आणि घरी आलो. माझ्या बाजूने पुरावा नव्हता, आणि पुराव्यावाचून बोलण्याची मला सवय नाही.

प्रकरण माझ्या मानापुरते असते तर कदाचित मी तेथेच थांबलो असतो. पण त्यानंतरच्या बुधवारी दुपारी मी वहिनींकडे निघालो तेव्हा त्यांचे दार उघडे होते. आत एक तरुण आणि एक तरुणी फोन रोखून उभी होती. अंधेरीतून, ती खुर्ची पाहायला आली होती. वहिनी त्यांना हाकलून देत नव्हत्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या अगदी सावकाश सांगत होत्या, "हीच. इथेच बसवलं मी त्यांना. नको म्हणत होते, तरी बसवलं."

त्या दोघांना मी जिन्यापर्यंत पोहोचवले. कोणत्या शब्दांत, ते येथे लिहिण्याजोगे नाही. परत येऊन विचारले, "वहिनी, नको का म्हणत होते?"

"विहिरीची जाहिरात आठवडाभर दाखवत होते ना, भावोजी. ती बघूनच ह्यांनी दोनदा चॅनेल बदललं. म्हणाले, हा उद्या दुपारी बघू, उजेडात. मी हसले. म्हटलं, एवढे मोठे झालात नि विहिरीला भिता? मग बसले." त्यांचा हात अजून खुर्चीवरच होता. "तो मुलगा लिहितो ते खरंच आहे. फक्त माझं नाव लिहीत नाही, एवढा चांगला आहे."

भाऊ गेल्यापासून त्या घरात टीव्ही लागला नव्हता. मला वाटले होते, सुतकामुळे.

मी त्यांना त्या संध्याकाळचे सारे विचारले. मालिका सुरू झाली, आणि त्या चहा करायला आत गेल्या. चहा घेऊन बाहेर आल्या, टेबलावर ठेवला, काही बोलल्या. भाऊ बोलले नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा मान कलली. "तेव्हा टीव्हीवर काय चालले होते?" मी विचारले. "विहीर," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलीत?" त्या म्हणाल्या, "सगळे विहीरच म्हणतात ना."

हे ऐकल्यावर काय करायला हवे ते मला कळले, आणि ते किती धोक्याचे आहे हेही कळले. त्यांनी चहा ठेवला त्या घटकेला पडद्यावर खरोखर विहीर असती, तर या बाईला मी माझ्या हाताने उरलेल्या आयुष्याची शिक्षा वाचून दाखवली असती. आज जी शंका होती ती उद्या खात्री झाली असती. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी निनादला बोलावणे धाडले. शनिवारी, भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, तो भाग त्याच टीव्हीवर लावायचा. वहिनींनी सांगायचे, चहा ठेवला तेव्हा काय चालू होते.

"अप्पा, नको यार," निनाद म्हणाला. "काकूंना उगाच त्रास. मी पोस्ट काढतो, संपलं."

"पोस्ट काढल्याने काकूंच्या डोक्यातून निघणार आहे का?"

शनिवारी तो आला मात्र वेळेवर.

वहिनींनी प्रथम साफ नकार दिला. मी म्हणालो, "वहिनी, मी भाऊंसाठी भांडत नाही. भाऊंना आता कोणाच्या मताशी कर्तव्य नाही. तुम्ही दुपारचे जेवत नाही, हे मला समोरच्यांनी सांगितले." त्या उठल्या, पदराने हात पुसले आणि दिवाणावर बसल्या. भाऊंच्या खुर्चीवर कोणी बसले नाही. निनाद रिमोट घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरलेला होता. आपले म्हणणे खरे ठरावे अशी त्याची आता इच्छा नव्हती, हे मला दिसत होते.

भाग सुरू झाला. एक कुटुंब सुटीसाठी गावी आले. सामान उतरले, कुलूप उघडले, सासूने सुनेला घर दाखवले. वहिनी पडद्याकडे पाहत नव्हत्या. नजर मांडीवरच्या हातांकडे होती आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. पडद्यावर कोणी दार लोटले की मला वाटे, आता आली विहीर. एकदा परसात पाण्याचा आवाज झाला आणि निनादचा अंगठा बटणाकडे गेला. नळ होता तो. वहिनींनी मान वर केली नाही. भयकथांना मी आयुष्यात कधी भ्यालो नाही, पण त्या दुपारी भ्यालो.

मग एका बाईचा आवाज आला, "हाड, हाड."

वहिनींनी हात वर केला. "थांबव रे."

निनादने चित्र थांबवले. आता त्यांनी प्रथमच पडद्याकडे पाहिले आणि पाहतच राहिल्या.

"हे चाललं होतं," त्या म्हणाल्या. "मी कप ठेवला आणि ह्यांना म्हटलं, बघा, काय पातळ लाटलेत पापड. ते काही बोललेच नाहीत. मला वाटलं, लक्ष नाही, म्हणून खांद्याला हात लावला."

निनाद हळूच खाली बसला.

पडद्यावर अंगणात लख्ख ऊन होते, चटईवर पापड वाळत होते आणि ती बाई कावळ्याला हाकलत होती. विहीर त्या गोष्टीत अजून आलेलीच नव्हती.