बाहेरून लावायची कडी

मेहकरहून सुलतानपूरकडे निघालं की रस्त्याला लागूनच संघपालचं पत्र्याचं दुकान आहे. ट्रकची दारं, कोंबड्यांच्या गाडीची जाळी, सोयाबीनच्या गोदामाचं शटर, लग्नात आलेल्या कपाटाचं अडून बसलेलं कुलूप, सगळं त्याच्याकडे येतं. हाताला स्वच्छ, तोंडाला फटकळ. गिऱ्हाईक उगाच घाई करायला लागलं की "मंग सुतळी बांधा दाराले" म्हणून मोकळा होतो.

त्याची एक रीत आहे, वडिलांपासून चालत आलेली. कुलूप बसवून झालं की ज्यानं ते बसवून घेतलं त्यालाच आत बसवायचं, बाहेरून कडी घालायची, आणि त्यानं आतून दार ठोकलं की उघडायचं. ज्याच्या हातात किल्ली राहणार, त्याला कोंडून घेणं कसं असतं ते एकदा तरी कळावं, इतकाच त्यामागचा विचार. यातून कुणाची सुटका नाही. बकऱ्यांच्या गाडीचा मालक लेंड्या झटकत, शिंकत बाहेर आला तेव्हा समोरचा चहावाला पोट धरधरून हसला होता.

चैत्रातल्या एका रखरखीत दुपारी सुलतानपूरचे भगवानराव आपली मोटारहोम घेऊन आले. लांबलचक पांढरी गाडी, आत पलंग, गॅसची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. शेती मुलाच्या हवाली करून नवराबायकोनं देश बघायचा, अशी भगवानरावांची हौस. गाव त्या गाडीला घरगाडी म्हणायचं आणि मनातून जळायचं.

"दोन्ही दारांले कडी-कोयंडे पाह्यजेत," भगवानराव म्हणाले. "बाजूच्या अन् मागच्या. बाहेरून लागतीन असे."

"चोराची भीती आतून कडी लावून जाते, काका. बाहेरून कशाले?"

भगवानरावांनी आवाज खाली आणला. आशाबाई, म्हणजे त्यांची बायको, गाडी थांबली की दार उघडून खाली उतरतात. शेगावला तर पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाला टेकून बसलेल्या सापडल्या. आत कुणीतरी आहे म्हणतात. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या आठवड्यात दवाखान्यात ठेवू. तोवर कुठं निघून जाऊ नयेत म्हणून कुलूप.

संघपालला ते काही रुचलं नाही. पण दुसऱ्याच्या घरातलं दुखणं आपण काय सांगावं, म्हणून तो कामाला लागला. आशाबाई लिंबाच्या सावलीत शांत बसल्या होत्या. डोळे स्वच्छ, पदर नीट. येडं माणूस असं दिसत नाही, हे त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

मागच्या दाराला छिद्र पाडण्याआधी त्यानं रंग खरवडला. पांढऱ्याखाली लाल पट्टा निघाला. आणखी खरवडलं तर त्याला छेदणारा आडवा पट्टा निघाला, अधिकच्या चिन्हासारखा. संघपालनं असल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या.

"काका, ही ॲम्बुलन्स होती काय?"

"हळू बोल बाबा," भगवानराव दचकलेच. "लिलावात घेतली. घरी कोणाले माहीत नाई. बाईमाणूस उगाच घाबरते."

ते चहाला गेले. ड्रिल थांबल्यावर आशाबाई उठून जवळ आल्या.

"भाऊ, बाहेरून कडी लावून राह्यले?"

"हाव, काकू."

"मंग आतली कशी निघन?"

"आतली म्हणजे तुम्ही ना?"

"मी नाई. ती." त्यांनी मागच्या दाराकडे हात केला. "तिथं खाली बसलेली राह्यते. दार ठोकते. कोणी उघडत नाई तिले. म्हणून मी उघडून देते, अन् आधी आपण उतरून दाखवते, का बाई अशी उतर. पण ती बाजूच्या दाराकडं येत नाई. मागचं उघडते म्हटलं तर हे ओरडतात."

संघपालच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याचा त्याला रागही आला. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातला माणूस तो. भूतखेत, अंगारा, उतारा यांना त्याच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. गावात कुणाच्या अंगात आलं की "पाणी मारा तोंडावर" असं सांगणारा तो एकटाच.

कडी-कोयंडे बसले. भगवानराव परत आले तसं संघपालनं रीत सांगितली. ते कुरकुरले, पण चढले. बाजूच्या दाराशीच असलेल्या खुर्चीवर बसले. दोन्ही कड्या लागल्या, कुलपं लागली. आशाबाई संघपालच्या शेजारी उभ्या.

दार वाजलं. बाजूचं नव्हे, मागचं. खालून, जमिनीलगत.

"काका, बाजूच्या दारावर ठोका," संघपाल ओरडला. "मागं कशाले गेले?"

"अरे, मी अजून ठोकलंच कुठं?" भगवानरावांचा आवाज बाजूच्या दारामागून आला. आणि ते बोलत असतानाच मागचं दार पुन्हा वाजलं. सावकाश, थकल्यासारखं.

आशाबाईंनी संघपालकडे पाहिलं.

त्यानं बाजूच्या दाराची किल्ली फिरवली. भगवानराव बाहेर आले ते घामानं निथळत. त्यांनीही ऐकलं होतं, ते चेहऱ्यावर दिसतच होतं. पण मोठ्या घरचा माणूस, इतक्या सहज कसा हरेल?

"पत्रा तापला," ते म्हणाले. "तापला का वाजते. सांग, संघपाल, हिले. तुझं सगळं आयुष्य पत्र्यात गेलं. तूच सांग."

आता सगळं त्याच्या एका शब्दावर येऊन थांबलं. पत्रा म्हटलं की बाई आजपासून या कुलपांच्या आत, आणि पुढच्या आठवड्यात दवाखान्यात. नाही म्हटलं तर आजवर ज्याला थोतांड म्हणून हसलो, त्याच्या बाजूला आपण उभे. मेहकरात तोंड दाखवायचं कसं? पण दर रविवारी विहारात खोटं बोलणार नाही असं शील तो घेत होता, आणि ते घेताना त्यानं कधी डोळे मिटून दुसरा विचार केला नव्हता.

"काका, मी भूत मानत नाई," तो म्हणाला. "आजही मानत नाई. पण तापलेला पत्रा टक् करून वाजते, एकदा. हा पत्रा नव्हता. हात होता."

भगवानराव पायरीवर मटकन बसले.

"आशा, तुले कधीपासून ऐकू येते?"

"पह्यल्या मुक्कामापासून. सांगतलं होतं तुम्हाले."

"हाव. सांगतलं होतं." ते म्हणाले. "मीच ऐकलं नाई. आता काय करू?"

"मागचं उघडा. अन् वाटेतून बाजूले व्हा."

संघपालनं मागचं कुलूप काढलं आणि भगवानरावांनी दाराच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या. आत पलंगाचा पाया, गुंडाळलेली सतरंजी, कोपऱ्यातलं ऊन, बाकी काही नाही. त्यांनी टोपी काढली आणि पाहुणीला म्हणावं तसं म्हणाले, "उतरा, बाई."

संघपाल भूत मानत नव्हता. तरी तो दोन पावलं मागं सरला, वाट मोकळी केली.

लोखंडी पायरी जराशी दबली. मग गाडीचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले आणि मागची बाजू किंचित वर आली, भरलेलं पोतं उतरवल्यावर येते तशी.

"सावकाश," आशाबाई हलकेच म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला, कुणाचा हात न धरता गाडीत चढल्या, पलंगावर बसल्या आणि मागचं दार आपल्याच हातानं आतून ओढून घेतलं. भगवानराव बघतच राहिले. डोळे पुसत त्यांनी दोन्ही कोयंडे काढायला सांगितले.

गाडी सुरू झाल्यावर खिडकीतला पडदा सरकला. "भाऊ, तिले काई बोलू नका. लिंबाखाली बसली हाय. दम खाईन अन् जाईन ती."

संघपालनं मान डोलावली. लिंबाकडे मात्र पाहिलं नाही.

संध्याकाळी दुकान आवरून त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि थांबला. रस्त्यावर कुणी नाही ना, ते आधी बघितलं. मग वाकून आतल्या अंधाराला विचारलं, "कोणी राह्यलं का आत?"

काही आवाज आला नाही. तरी तो हातात कुलूप घेऊन बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.