सतरा नंबरची हजेरी

साऱ्या हिंदुस्थानात पाचशेच्या वर खासदार आहेत, पण घरी बसून आपल्या खासदाराची रोजच्या रोज हजेरी घेणारा माणूस एकच होऊन गेला, आणि माझं भाग्य म्हणा की भोग म्हणा, ते माझे सासरे होते. टोकावड्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. तिथल्या प्राथमिक शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि त्यांनी हात पसरून मागून घेतली ती जुन्या हजेरीपटांची थप्पी. ती त्याच आठवड्यात रद्दीत जायची होती. हजेरी घेतल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. आमच्या लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी यादी घेऊन उभे होते. माझे थोरले काका आयुष्यात कुणापुढे नमले नव्हते, पण त्या दिवशी पानावर बसायच्या आधी त्यांनीही निमूटपणे "हजर" म्हटलं. मला तर कायमचा क्रमांक मिळाला. "तुमी दोन नंबर, जावईबापू. एक नंबर थोरलीचा नवरा." पहिल्या दिवाळीला मी शहापूरहून निघालो, मुरबाडला गाडी बदलली आणि पोचायला दुपार झाली. ओवाळणी राहिली बाजूला. त्यांनी आधी पट काढला, चष्मा पुसला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'उशिरा. कारण, एस.टी.' तेव्हा कुठे माझ्यापुढे पाट मांडला गेला.

जुने विद्यार्थीही त्यांच्या लेखी नंबरच होते. नावं विसरत, नंबर विसरत नसत. कल्याणचा डॉक्टर म्हणजे 'नऊ नंबर', माळशेज गाडीचा कंडक्टर म्हणजे 'बावीस', आणि दोन हजार सालानंतरच्या एका लोकसभा निवडणुकीत ज्याला तिकीट मिळालं, तो 'सतरा'. त्या दिवशी सासरे इतके हरखले की त्यांनी घरात सगळ्यांची दोनदा हजेरी घेतली. मग सतरा नंबरचं प्रचारपत्रक घरी आलं आणि गुरुजींनी लाल शाईचं पेन उघडलं. 'पाच मैल पायी चालून शिक्षण घेतले' याखाली त्यांनी लिहिलं, 'घर शाळेसमोर. मध्ये फक्त गोठा.' 'कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला' याच्यापुढे शेरा पडला, 'कंदील खरा. अभ्यास नव्हे, पत्ते. साक्षीदार, मी.' एवढं करून त्यांनी शंभरापैकी अडतीस गुण दिले, पत्रक पाकिटात घातलं आणि उमेदवाराच्या पत्त्यावर धाडलं. वर मलाच समजावलं, "पोरगा वाईट नाय ओ. जरा फुगवून सांगतो, येवडंच."

आणि पोरगा वाईट नाही, यावर त्यांचा इतका विश्वास की गुडघे दुखत असताना ते काठी टेकत डोंगरावरच्या वाडीत गेले. मी बरोबर होतो, धापा टाकत. या वाडीत उन्हाळ्यात पाण्याची भीषण टंचाई. बायका पहाटे उठून खाली ओहोळात खणलेल्या खड्ड्याशी बसायच्या, वाटीवाटीनं हंडा भरायच्या आणि चढण चढायच्या. खालच्या गावातून वर नळ नेण्याचं ठरलेलं होतं, पण वाट जंगलाच्या जमिनीतून जाणारी, तिची परवानगी दिल्लीची, आणि कागद दिल्लीतल्या कुठल्याशा टेबलावर पडून. कुणीतरी तिथे उभं राहून एकदा विचारायला हवं होतं, बस्स. गुरुजी वाडीच्या मधोमध दगडावर बसले आणि म्हणाले, "माझा पोर हाय तो. तुमच्या पान्याचं दिल्लीत बोलल. माझा शबूद." हिराबाई नावाची एक उंच, वाळक्या अंगाची बाई होती. रानातली करवंदं आणि कंदमुळं घेऊन ती दर आठवड्याला गावच्या फाट्यावरल्या नाक्यावर बसायची. तिनं गुरुजींना आधी तांब्याभर पाणी दिलं, ते पिईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "तुमी सांगता, तर देतू मत. पन बोलला का नाय, त्ये मी तुमालाच इचारीन." वाडीनं झाडून सगळी मतं दिली. सतरा नंबर निवडून आला.

मग सुरू झाला तो छळ. संसदेचं कामकाज दिवसभर दाखवणारा चॅनेल नुकताच निघाला होता. सासऱ्यांनी हुकूम केला, मी मुकाट्यानं छपरावर डिशची छत्री बसवून दिली. अधिवेशन असेल त्या दिवशी बरोबर अकराला गुरुजी धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसत. मांडीवर हजेरीपट, आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकच विद्यार्थी. दिसला तर तिरकी रेघ, नाही दिसला तर फुली. दिसला पण डोळे मिटलेले असले तर रेघ, आणि शेऱ्यात 'झोप'. बायको म्हणायची, "बाबा, क्यामेरा तिकडं वळला नाय तर तो बिचारा दिसल कसा?" त्यावर ते म्हणत, "शहाना पोर क्यामेरा वळंल तिथं बसतो." वीज गेली की त्या तासाची जागा कोरी सोडत. अंदाजे रेघ मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. निदान तेव्हा तरी माझी तशी समजूत होती.

हजेरीचं एक वेळ ठीक, मतांचं काय करायचं? आपल्या पोरानं कुठल्या कायद्याला हो म्हटलं आणि कुठल्याला नाही, याचा रकाना गुरुजींनी मोठ्या हौसेनं आखला होता. पण तिथे बहुतेक वेळा सगळे मिळून ओरडत आणि अध्यक्ष म्हणत, झालं मंजूर. कोण काय ओरडलं याची कुठे नोंदच नाही! गुरुजी हबकले. पण हार मानतील तर ते गुरुजी कसले? ते टीव्हीच्या भोंग्याला कान लावून बसू लागले. म्हणत, "त्याचा आवाज माझ्या कानात हाय. हजर म्हनताना शेवटी हेल काडायचा तो." पाचशे माणसांच्या गलक्यातून ते एक हेल शोधत होते. कधी एकदम हात वर करून "हा बगा, हो म्हनला!" असं ओरडत आणि खूण करत. मग जरा वेळानं ती खूण खोडत, आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "खातरी नाय." आठवड्या-पंधरवड्यानं सासरी गेलो की हे बघताना मला आधी हसू यायचं. नंतर नंतर मी तेवढ्यात अंगणात निघून जाऊ लागलो.

कारण बाहेर नाक्यावर हिराबाई होती. ती शब्दाला पक्की. दर आठवड्याला टोपली मांडली की विचारायची, "गुरजी, बोलला का तुमचा पोर?" पहिलं वर्ष ते तिला समजावत, "नवा हाय गो, अजून बसायला शिकतो." दुसऱ्या वर्षी म्हणत, "या अधिवेशनात बोलल." तिसऱ्या वर्षी ते नाक्यावरून जाणंच टाळू लागले आणि शाळेमागच्या बांधावरून वळसा घालू लागले. घरात करवंदं यायची बंद झाली. माझ्या बायकोनं एकदा आणली, तर ताट बाजूला सारून उठले. दर महिन्याला एक पोस्टकार्ड ते सतरा नंबरला पाठवत. उत्तर हमखास यायचं, गुळगुळीत कागदावर, हात जोडलेल्या फोटोसकट. 'आपल्या भावना पोचल्या. आपला माणूस, दिल्लीत आपला आवाज.' वर्षाच्या शेवटी रंगीत कार्यअहवालही आला. त्यात सतरा नंबरचे एकवीस फोटो होते आणि पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या अहवालावर गुरुजींनी लाल शाई उघडली खरी, पण काहीच लिहिलं नाही. टोपण लावून पेन खिशात ठेवलं. ती गोष्ट मला कुठल्याही शेऱ्यापेक्षा जास्त लागली.

पाचवं वर्ष सरत आलं तेव्हा शाळेला पन्नास वर्षं झाली. मोठा समारंभ ठरला, प्रमुख पाहुणा अर्थातच सतरा नंबर. गुरुजी आठ दिवस आधीपासून ताठ चालू लागले. "समोरासमोर इचारीन," म्हणाले. वाडीला निरोप गेला. हिराबाई आणि आणखी पाच-सहा जणी खाली आल्या आणि मांडवाच्या कडेला बसल्या. खासदारांचा गळा हारांनी भरला, भाषणं झाली, मग गुरुजींना सत्काराला वर बोलावलं. त्यांनी शाल घेतली, काखेतला हजेरीपट काढला आणि माइकसमोर खणखणीत आवाजात पुकारलं, "सतरा!"

खुर्चीतला तो पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस ताडकन उठला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि म्हणाला, "हजर, गुरजी!" शेवटी हेल होताच. मांडव हसून लोटपोट झाला. हशा ओसरल्यावर गुरुजींनी विचारलं, "वाडीच्या पान्याचं दिल्लीत कवा बोललास?"

सतरा नंबर क्षणभर गडबडला. मग त्यानं पुढे येऊन गुरुजींचे पाय धरले आणि माइक हातात घेतला. मी शपथेवर सांगतो, त्यात नाटक नव्हतं. "लोकहो, या मानसामुळं मी हाय," तो म्हणाला. "दर पावसाळ्यात भाताच्या आवणीला बापूस मला शाळंतून काडून चिखलात उभा करायचा. महिना महिना मी शाळंत नसायचो. हजेरी कमी पडली असती तर माझं नाव कापलं असतं. पन गुरजींनी पटावर मला एक दिवस गैरहजर लावला नाय! नसलो तरी हजर लावला! असे गुरजी आता कुठं हायेत?"

काय टाळ्या पडल्या म्हणता! बायकांनी डोळे पुसले. सतरा नंबरनं गुरुजींना मिठी मारली, फोटो निघाले, आणि पाण्याचा प्रश्न त्या टाळ्यांतच बुडाला. माझे सासरे मात्र मिठीत लाकडासारखे उभे होते. मी खाली पहिल्या रांगेत होतो. आपल्याच हातातल्या पटाकडे ते असं बघत होते की मला उठून वर जावंसं वाटलं. गेलो नाही, याची मला अजून लाज वाटते.

घरी आल्यावर त्यांनी थप्पीतला सगळ्यात खालचा, कसर लागलेला पट काढला. आवणीच्या दिवसांचं पान उघडून माझ्यापुढे केलं. सतरा नंबरपुढे तिरक्या रेघांची ओळ, एकीलाही खंड नाही. "चांगलं म्हनून केलं ओ मी," ते म्हणाले. "पोरगं शिकंल म्हनून केलं. आवणीत सगळेच मास्तर करायचे." मग त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "नसताना हजर ऱ्हायला मीच शिकवला त्याला, जावईबापू. त्याला आता फुली कंच्या तोंडानं मारू?" मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्याचा उपयोग नव्हता हे मलाही कळत होतं. छत्री तशीच राहिली, टीव्ही पुन्हा अकराला लागला नाही.

पुढच्या निवडणुकीच्या आधी ते परत वाडीत चढले. मी हाताला धरून नेलं, वाटेत चारदा बसलो. त्याच दगडावर टेकून ते हिराबाईला म्हणाले, "बोलला नाय तो. बोलनार बी नाय. मी शबूद दिला त्यो खोटा निगाला." हिराबाईनं आत जाऊन तांब्या आणला. पहाटे वाटीवाटीनं भरलेलं ते पाणी. गुरुजींनी तांब्या घेतला, पण ओठाला लावेनात. "प्या ना, गुरजी," ती म्हणाली, "चडून आलावं." ते प्यायले, आणि पिता पिता रडले. रिकामा तांब्या तिनं दगडावर पालथा घातला. मग म्हणाली, "मंग आता कोनाला इचारू?"

"मलाच इचार," गुरुजी म्हणाले. "खरं सांगंन."

सतरा नंबर पुन्हा निवडून आला. सासरे त्यानंतर दीड वर्ष होते. बांधावरचा वळसा त्यांनी सोडला होता. दर आठवड्याला काठी टेकत सरळ नाक्यावर जायचे, हिराबाई विचारायची "बोलला का?" आणि ते सांगायचे "नाय गो." मग तिच्याकडून वाटाभर करवंदं किंवा जे असेल ते घेऊन घरी यायचे. एवढंच त्यांचं राजकारण उरलं होतं.

आता आठ-पंधरा दिवसांनी सासरचं घर बघायला मीच जातो. गाडी नाक्यावर थांबते, हिराबाई टोपलीशी असते. तिचे केस पांढरे झालेत. हंडा आता तिची सून आणते, त्याच खड्ड्यावरून. पहिल्या खेपेला मला वाटलं, ही आता कशाला विचारील? मी खाली मान घालून पुढे निघालो, तर तिनं हाक मारली. "ओ गुरजींचे जावई! बोलला का?"

मी थांबलो. कामात आहे, या अधिवेशनात बोलेल, नाहीतर पुढच्या वेळी बोलेल, असं कितीतरी सोपं तोंडाशी आलं होतं. "नाही," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी करवंदं मोजू लागली.