उजेड बघण्यापुरती

सर फोटोग्राफी शिकले ते कचऱ्याच्या डब्यातून. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायचे, शेजारी स्टुडिओ. तिथले बिघडलेले फोटो डब्यात पडत, ते घरी आणून सर कुठे काय हुकलं ते बघत बसत. पुढे बक्षिसं मिळाली, प्रदर्शनं झाली, घराच्या माडीवर शिकवणी सुरू झाली. डबा आता त्यांचा होता. विद्यार्थ्याचा फोटो जरा बिघडला की टराटरा फाडून डब्यात. चार लोक सर म्हणू लागले की माणसाला मागचं कुठलं आठवायला!

कुणाचाही फोटो काढायचा असो, आधी खुर्चीत बायको बसायची. सर दिवे हलवायचे, हनुवटी वर घे म्हणायचे, आणि उजेड मनासारखा पडला की म्हणायचे, "ऊठ आता." ती उठायची, गिऱ्हाईक बसायचं, आणि मगच कॅमेऱ्यात रीळ भरलं जायचं. रीळ वाया गेलेलं सरांना खपत नसे. माझा कधी काढणार, असं तिनं एकदा हसत विचारलं होतं. "तू काय, घरातच आहेस," सर म्हणाले होते.

ती गेली. मुलीनं आईचा फोटो मागितला. सरांनी कपाटं उपसली. साऱ्या जगाचे चेहरे निघाले. तिचा, ओळखपत्रावरचा पुसट चौकोन सोडला तर, एकही नाही. सरांनी हाय खाल्ली. जेवण सुटलं.

हे ऐकून एक जुनी विद्यार्थिनी आली. तिच्या पिशवीत एक फोटो होता, फाटलेला, मागून चिकटवलेला. शिकवणीत सर दिवे लावत असताना तिनं तो गुपचूप काढला होता. धुऊन दाखवला तेव्हा सरांनी फोकस चुकला म्हणून फाडला आणि तिनं डब्यातून उचलला.

सरांनी चष्मा लावला. फोटोत पुढे दिव्याशी वाकलेले ते स्वतः, शर्टाची शिवण मोजावी इतके स्वच्छ. मागे खुर्चीत बायको, अगदी धूसर. ती दिव्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती, एवढं मात्र कळत होतं.

बराच वेळ ते त्या धूसर चेहऱ्यावर बोट फिरवत राहिले.

"तिचे डोळे कसे होते गं?" त्यांनी विद्यार्थिनीला विचारलं. "मी तिच्यावर पडलेला उजेडच बघायचो. तिला बघायचं राहूनच गेलं."