सातवी फेरी

गंजक्या लोखंडाचा वास हाताला लागला की मला कारेगावची पत्र्याची जिम आठवते. दोन हजार सालच्या आसपास कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर पन्नाशीला टेकलेले एक मामा होते. ठेकेदार वयस्कर माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली, तसे ते शिफ्ट सुटल्यावर माझ्याबरोबर जिमला येऊ लागले. वीस सेकंद दोन्ही डंबेल खांद्यावरून वर ढकलायचे, दहा सेकंद दम खायचा, अशा आठ फेऱ्या. घड्याळ माझ्याकडे असायचं. त्या दिवशी पत्रा नुसता भाजत होता. सहाव्या फेरीनंतर मामा हळूच म्हणाले, "छातीत दाटल्यागत व्हतंय रं." मी घड्याळावरची नजरही काढली नाही. "चला मामा, सातवी!" म्हणून ओरडलो. त्यांनी डंबेल उचलले आणि तसेच खाली कोसळले. जीपमधून शिरूरला नेलं म्हणून जीव वाचला, पण काम सुटलं ते सुटलंच. दवाखान्यात माझा पडलेला चेहरा बघून तेच समजूत घालायला लागले, "पंख्याच्या घरघरीत तुला ऐकू गेलं नसंल. मनाला लावून घिऊ नगं." मी खाली मान घालून "व्हय मामा" म्हणालो. मला नीट ऐकू आलं होतं. आज मी त्यांच्या वयाला आलोय आणि हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.